तलवार, शिधा आणि दफ्तर : सामुराई चित्रपटांच्या निवडीसंबंधी

जपानी सामुराई चित्रपटांविषयी मराठीत जे बोलले जाते ते बहुधा कुरोसावाच्या दिग्दर्शनकौशल्यापाशी किंवा 'शोले'च्या (१९७५) उगमापाशी येऊन थांबते. पहिली चर्चा तंत्राची, दुसरी उसनवारीची. बखर, पोवाडा, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी आणि भालजी पेंढारकरांचे चित्रपट यांवर ज्याची वीरकल्पना पोसली गेली आहे, अशा मराठी अभ्यासकाने या चित्रपटप्रकाराकडे कशासाठी वळावे, आणि त्यातील विपुल निर्मितीतून काय निवडावे, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. तलवार कोणाच्या शिध्यावर जगते आणि तिच्या पराक्रमाची नोंद कोण ठेवतो, हे दोन प्रश्न जो चित्रपट विचारतो तो आवर्जून पाहावा, असा निकष प्रस्तुत लेखात सुचवायचा आहे. तलवारबाजीचे सौंदर्य हा निकष मी जाणीवपूर्वक दुय्यम मानतो.

सामुराई आणि मावळा यांची बरोबरी लावण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. 'बुशिदो' नावाची जी आचारसंहिता आपण प्राचीन समजतो तिचे जगाला ठाऊक असलेले रूप इनाझो नितोबे यांच्या १९०० मधील ग्रंथाने घडविले, आणि तो ग्रंथ इंग्रजीत, परकीय वाचकांसाठी लिहिलेला होता. त्याच सुमारास मराठी ऐतिहासिक कादंबरीही पारतंत्र्यातील वाचकाला गतवैभव सांगत होती. दोन्हीकडे वीर हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या गरजेतून नव्याने रचला गेला. साम्य शोधायचेच असेल तर ते या रचनेच्या प्रक्रियेत शोधावे.

या दृष्टीने सर्वांत आधी पाहावा तो मासाकी कोबायाशी यांचा 'हाराकिरी' (१९६२). काळ १६३० चा. धनी-घराणे बरखास्त झाल्यामुळे निराश्रित झालेला त्सुगुमो हान्शिरो हा प्रौढ योद्धा एडोतील इयी घराण्याच्या वाड्यात येतो आणि तेथे पोट चिरून घेण्याची परवानगी मागतो. त्याआधी असाच आलेल्या एका तरुणाला त्या घराण्याने त्याच्याच बांबूच्या तलवारीने मरण्यास भाग पाडलेले असते. तो तरुण हान्शिरोचा जावई. आजारी बायको आणि तान्ह्या मुलासाठी त्याने आपली खरी पाती आधीच विकलेली होती. चित्रपटाचे मर्म मला सूडात दिसत नाही. जावयाने पाती विकली हे कळल्यावर, आपल्याला आपली तलवार विकण्याचे सुचलेदेखील नाही, या जाणिवेने हान्शिरो कोसळतो, तेथे ते आहे. संहितेने माणसाच्या कल्पनाशक्तीवरच कसा ताबा मिळविलेला असतो, हे एवढ्या थोड्या अवकाशात क्वचितच कोणी दाखविले असेल.

या कथनाला चौकट आहे ती इयी घराण्याच्या रोजनाम्याची. चित्रपट दफ्तरातील नोंदीने सुरू होतो आणि नोंदीनेच संपतो. शेवटच्या नोंदीत वाड्यात कापली गेलेली माणसे आजाराने मृत्यू पावलेली असतात; पूर्वजांचे जे चिलखत हान्शिरोने उचलून आपटले ते पुन्हा जागेवर बसविलेले असते. प्रेक्षकाने जे डोळ्यांनी पाहिले आणि दफ्तराने जे लिहून ठेवले, त्यांतील अंतर हाच या संहितेचा आशय होय.

मराठी वाचकाला हे अंतर अपरिचित नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर आक्षेप घेतले आणि अस्सल कागदांची बाजू मांडली. कोबायाशी एक पाऊल पुढे जातो: अस्सल, समकालीन, शिक्क्यानिशी असलेला कागदही खोटे बोलू शकतो. आपल्या ऐतिहासिक चित्रपटाने हा संशय कधी अंगी लावून घेतला नाही. बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' (१९२३) हरिभाऊंच्या कादंबरीवर उभा होता. भालजींच्या 'छत्रपती शिवाजी'पासून (१९५२) दिग्पाल लांजेकरांच्या 'पावनखिंड'पर्यंत (२०२२) नामांकित वीराचे नामांकित बलिदान हाच रूपबंध टिकून आहे. त्याचे भावनिक सामर्थ्य मी नाकारीत नाही. परंतु सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, आणि १८१८ नंतर दोघांच्याही वाट्याला आलेली बेकारी, यांच्यावर उभा असलेला एकही मराठी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. जपान्यांनी मात्र निराश्रित योद्ध्यालाच, 'रोनिन'ला, या प्रकाराचा नायक केले.

'सेव्हन सामुराई' (१९५४) बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण पुन्हा पाहावा तो अन्नाकडे लक्ष ठेवून. लुटारू सातू पिकण्याची वाट पाहतात, कारण भात त्यांनी आधीच नेलेला आहे. सात योद्ध्यांना मोबदला म्हणून केवळ पोटभर भात मिळायचा आहे, आणि तो देणारे स्वतः भरडधान्यावर भागवितात. किकुचियो एक वंशावळ फडकावतो. तिच्यातील जन्मसालानुसार तो तेरा वर्षांचा ठरतो! (कागदाची ही थट्टा कोबायाशीच्या रोजनाम्याची हसरी पूर्वसूचना वाटते.) तो शेतकऱ्याचा मुलगा आहे. शेतकऱ्यांनी पळणाऱ्या योद्ध्यांना मारून लपविलेली चिलखते सापडतात तेव्हा तो आधी शेतकऱ्यांना लबाड म्हणतो, आणि मग त्यांना तसे कोणी केले असे त्या सहाही जणांना विचारतो. त्याला उत्तर मिळत नाही. पुढे मरणारे चारही सामुराई बंदुकीच्या गोळीने मरतात, तलवारीने एकही नाही.

अखेरीस चार मातीचे उंचवटे, तीन उरलेले योद्धे, आणि समोर चिखलात ढोल-बासरीच्या तालावर चाललेली भाताची लावणी. धाकट्या सामुराईची प्रेयसी क्षणभर थांबते, त्याला ओलांडून बांधीत उतरते आणि गाण्यात आपला आवाज मिसळते. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातील विद्यार्थ्याला हा शेवट समजावून द्यावा लागत नाही. पऱ्हे तयार असताना रोवणी कोणासाठी थांबत नाही, हे त्याला घरून ठाऊक असते. पाश्चात्त्य भाष्यकार येथे योद्ध्याच्या अस्तित्वगत एकाकीपणाविषयी बरेच लिहितात; मला तेथे आधी हंगाम दिसतो.

यामानाका सादाओचा 'ह्युमॅनिटी अँड पेपर बलून्स' (१९३७) याच्याही आधीचा आणि अधिक निराश. वडिलांचे पत्र घेऊन एक रोनिन एका अधिकाऱ्याच्या मागे फिरतो, अधिकारी ते घेत नाही, बायको कागदी फुगे करून घर चालविते. तलवार जवळजवळ दिसतच नाही. यामानाका १९३८ मध्ये चीनच्या आघाडीवर सैनिक म्हणून गेला असता वारला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

यामादा योजी यांच्या 'ट्वायलाइट सामुराई'मधील (२००२) सेबेई हा कोठारातील कारकून. त्याचे वेतन पन्नास कोकू, म्हणजे तांदळात मोजलेले. खंडीच्या मापावर वाढलेल्यांना या दर्जाची किंमत लगेच कळेल. संध्याकाळी घरी जाऊन तो किड्यांचे पिंजरे विणतो. बायकोच्या अंत्यविधीसाठी त्याने लांब तलवार विकलेली आहे, म्यानात बांबू. 'हाराकिरी'तील बांबूचा हा चाळीस वर्षांनंतरचा प्रतिध्वनी आहे. फरक कथनाचा : येथे नोंद ठेवणारे घराण्याचे दफ्तर नाही, वृद्ध झालेली मुलगी बापाविषयी बोलते आहे. मराठीत अशी मुलगी शोधायची तर ती बखरीत सापडणार नाही. जात्यावरच्या ओव्यांत कदाचित.

'योजिम्बो' (१९६१) किंवा झातोइची मालिका मी यादीबाहेर ठेवतो. त्यांत रंजन आहे, आणि रंजनाला माझी हरकत नाही. मिझोगुचीचा 'सत्तेचाळीस रोनिन' (१९४१-४२) मात्र अडचणीत टाकतो. युद्धकाळात स्वामिनिष्ठेच्या प्रचारासाठी तो हवा होता, आणि मिझोगुचीने सूडाचा मुख्य प्रसंगच पडद्यावर दाखविला नाही. तो एका पत्राच्या वाचनातून कळतो. ही माघार आहे की प्रतिकार, याचा निर्णय मला करता आलेला नाही. ज्यांनी 'पावनखिंड' आणि हा चित्रपट लागोपाठ पाहिले असतील, त्यांनी त्यावर लिहावे.