'तेरवं' आणि चौदावा दिवस

मंडळी, पैनगंगेच्या काठावरच्या या गावात नाटकावर बोलायला आलो आणि बोलता बोलता तहसील कचेरीत शिरलो, तर सांभाळून घ्या. 'तेरवं' नाटकच आम्हाला तिकडं नेतं.

श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथाप्यांनी बसवलेलं हे नाटक. शेतकरी आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या बायका त्यात स्वतः उभ्या राहतात. त्यांच्यातल्याच वैशाली येडे यांनी ११ जानेवारी २०१९ला यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. नयनतारा सहगलांचं निमंत्रण मागं घेतल्यावरची ही निवड, तेही विसरू नये. टाळ्या आम्हीही वाजवल्या, खोटं कशाला बोला.

आता 'पात्र' हा शब्द घ्या. एक रंगमंचावरचं पात्र, दुसरं सरकारी फाईलीतलं पात्र-अपात्र. २००६च्या शासन निर्णयानं एक लाखाची मदत ठरली: तीस हजार लगेच, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी कर्ज, थकबाकी, वसुलीचा तगादा कागदावर दिसावा लागतो. विनापरवाना सावकाराचं कर्ज असलं की प्रकरण अडतं. म्हणजे कुंकू पुसलेलं ओलं असतानाच बाईनं नवऱ्याच्या मरणाचं कारण शाबीत करायचं! तिला झोप लागते का, पोरगं शाळेत जातं का, हा रकाना त्या फॉर्मात नाही.

नाटकाबद्दलही एक शंका आहे. प्रयोग करायचा म्हणजे तोच दिवस पुन्हा पुन्हा जगायचा. काहींना त्यानं बळ येत असेल, येतंच असेल. पण पडदा पडल्यावर त्यांच्याजवळ कोण बसतं, हे समीक्षेनं विचारायला हवं. आम्ही नेपथ्यावर लिहितो, प्रकाशयोजनेवर लिहितो, हे मात्र राहून जातं.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. आपला बुलडाणा 'प्रेरणा' प्रकल्पाच्या चौदा जिल्ह्यांत आहे. ताणात असलेला शेतकरी आशाताईंनी हेरायचा, ही त्याची रीत. चांगलीच आहे. पण तिचा सगळा रोख मरणाच्या आधी. एडविन श्नायडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं पन्नासेक वर्षांपूर्वीच म्हटलं होतं, की मागं राहिलेल्यांना दिलेली साथ हा पुढच्या पिढीसाठीचा प्रतिबंधच असतो.

इथं कुणाचं तेरवं होतं, कुणाचा चाळिसावा. पाहुणे जातात, मग दारावरून जाणाराही नजर चुकवतो. आशाताईंच्या वहीत त्या घराची भेट पुन्हा लिहायला काय हरकत आहे? महिन्यानं, पेरणीच्या वेळी, वर्षश्राद्धाला. आणि आपण गेलो तर 'का केलं हो असं त्यानं?' हे विचारू नका. त्याचं नाव घ्या, बैलजोडीची आठवण काढा, बाईला तलाठ्याकडं जायला सोबत करा.

आता प्रश्न घेऊ. हे ऐकताना कुणाच्या छातीवर ओझं आलं असेल, तर टेली-मानसचा नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा. हं, मागच्या ताई, विचारा.