चंद्रावरच्या हॉटेलातला गायक

‘आर्क्टिक मंकीज’ या इंग्लिश बँडने 11 मे 2018 रोजी आपला सहावा अल्बम बाजारात आणला. त्याआधी त्यातलं एकही गाणं चाचपणीसाठी बाहेर सोडलं नव्हतं. जवळजवळ पाच वर्षं वाट पाहिलेल्या चाहत्यांनी अख्खा अल्बम एकदमच लावला आणि पहिलं गाणं संपायच्या आत त्यांच्यात दोन तट पडले. आधीच्या, म्हणजे 2013 च्या ‘एएम’ या अल्बममधल्या जाडजूड गिटारी गायब होत्या. त्यांच्या जागी पियानो होता, निवांत चालीचे ड्रम होते आणि गायक ॲलेक्स टर्नर गात कमी, बोलत जास्त होता. अल्बमचं नाव ‘ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो’. ट्रँक्विलिटी बेस म्हणजे 1969 साली अपोलो 11 ची माणसं चंद्रावर जिथे उतरली ती जागा. टर्नरने तिथे हॉटेल काढलं होतं. मुखपृष्ठावर त्याची प्रतिकृतीही आहे, टर्नरने पुठ्ठा कापून स्वतः केलेली.

नाराज चाहत्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा बँडचा अल्बमच नाही, एकट्या टर्नरचा आहे. हॉटेलच्या लाउंजमध्ये लोक जेवत असताना मागे वाजावं असलं हे संगीत आहे. आणि मैदानात हजारोंनी बेंबीच्या देठापासून म्हणावं असं यात काहीच नाही. यातला दुसरा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो तंतोतंत खरा आहे. हे लाउंजचं संगीत आहेच. फक्त तो लाउंज कुठे आहे, तिथे गाणारा माणूस कोण आणि तो असा का गातो, हे विचारायचं राहून जातं.

त्यासाठी 2006 मध्ये जावं लागतं. शेफील्डच्या हाय ग्रीन उपनगरातल्या पोरांच्या या बँडचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये एका आठवड्यात 3,63,735 प्रतींनी खपला. कुठल्याही बँडच्या पहिल्या अल्बमसाठी तो तिथला विक्रम होता. टर्नर तेव्हा वीस वर्षांचा. त्या गाण्यांमध्ये शनिवारची रात्र आहे: क्लबच्या दारात अडवणारे बाउन्सर, टॅक्सीतल्या गप्पा, पोलिसांची गाडी, ट्रॅकसूट घालून भांडण उकरून काढणारी टाळकी, गाल फुगवून बसलेली मैत्रीण. मॅट हेल्डर्सचे ड्रम आणि टर्नरचे शब्द यांची शर्यत लागलेली असायची. कोण आधी श्वास सोडतो ते बघू, अशी. पण वेगापेक्षा महत्त्वाची होती ती उभं राहण्याची जागा. तो मुलगा दाराबाहेर होता. आत घेतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून तो सगळं टिपत होता: कोणाचे बूट, कोणाची उसनी ऐट, कोणाची थाप.

आता तो आत आहे. इतका आत, की बाहेर बघायला काही उरलंच नाही. तिसाव्या वाढदिवसाला मॅनेजरने त्याला स्टाइनवेचा उभा पियानो भेट दिला. लॉस एंजेलिसच्या घरात ज्या खोलीत तो ठेवला, तिला टर्नरने ‘चंद्राचा पृष्ठभाग’ या अर्थाचं नाव दिलं. चंद्रावर कोणी गेलंच नव्हतं, तो सगळा देखावा चित्रपट दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकने चित्रित केला, ही जी जुनी वावडी आहे तिच्यावरून. म्हणजे हा चंद्र पहिल्यापासून नकली, खोलीत उभारलेलाच. हे लक्षात ठेवलं की पुढचं पुष्कळसं उलगडतं. ही अवकाशाची सफर नाही. बंद खोलीत पियानोपुढे बसून आपण चंद्रावर असल्याचं सोंग करणाऱ्या माणसाची ही गाणी आहेत.

पहिलंच गाणं, ‘स्टार ट्रीटमेंट’, जवळजवळ सहा मिनिटांचं आहे आणि त्यात नेहमीच्या अर्थाने ध्रुवपद म्हणावं असं काही हाती लागत नाही. बेस पुढे चालतो, पियानो अधूनमधून हुंकार भरतो आणि या दोघांवर टर्नर लांबलचक वाक्यं सोडत जातो. सुरुवात ‘द स्ट्रोक्स’सारखं व्हायच्या पोरवयातल्या स्वप्नाच्या कबुलीने होते. न्यूयॉर्कचा तो बँड टर्नरच्या पिढीचं दैवत. पण ही कबुली देणारा टर्नरच आहे का? दोनचार ओळींनंतर तो दूरच्या अंतराळात आपलं मोठं नाव असल्याचं सांगतो, आणि पुढे समोरच्याने ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट पाहिला नाही म्हणून हबकतो. हळूहळू समजतं, हा एक उतरणीला लागलेला गायक आहे. चंद्रावरच्या हॉटेलात गाणारा, जुन्या कीर्तीवर जगणारा, थोडासा बरळणारा. मध्येच त्याचा आवाज वरच्या सप्तकात निसटतो, नाजूक आणि किंचित हास्यास्पद होतो. तो हास्यास्पदपणा हवाच आहे. 2006 चा मुलगा ज्याची नक्कल करून मित्रांना हसवेल, नेमका तोच माणूस इथे माइकपुढे उभा केलाय.

शीर्षकगीतात ही गंमत आणखी टोकदार होते. रॉकच्या गाण्यात ध्रुवपद म्हणजे गर्दीने तोंड उघडायची जागा. इथे त्या जागी काय आहे? हॉटेलच्या स्वागतकक्षातला मार्क नावाचा कर्मचारी फोन उचलतो, आपलं नाव सांगतो आणि फोन कुणाला जोडून देऊ असं अदबीने विचारतो. बस्स. चाल मात्र एखाद्या प्रेमगीताची, हळुवार वर चढणारी. व्यावसायिक सौजन्याचं एक कोरडं वाक्य इतक्या जिव्हाळ्याने गायलं, की हसू येता येता पोटात कालवतं. मैदानात ओरडून म्हणायला काही नाही ही तक्रार इथे रास्तच आहे. ओरडण्याच्या जागीच त्याने मार्कला बसवलंय.

‘फोर आउट ऑफ फाइव्ह’ हे अल्बममधलं सगळ्यात पक्कं बांधलेलं गाणं. हॉटेलच्या गच्चीवर एक टाको मिळण्याचं ठिकाण उघडलंय, त्याचा बोलबाला झालाय, आणि त्याला पाचपैकी चार तारे मिळालेत याचं गायकाला कोण कौतुक! त्या ठिकाणाचं नाव माहिती आणि कृती यांच्या गुणोत्तरावर बेतलेलं आहे. ही कल्पना नील पोस्टमन या अमेरिकी अभ्यासकाची: आपल्यापर्यंत पोचणाऱ्या बातम्या वाढत जातात आणि त्यांतल्या ज्यांच्याबद्दल आपण काही करू शकतो त्या घटत जातात. पत्ता आहे क्लॅव्हियसचा. चंद्रावरचं हे विवर क्युब्रिकच्या ‘2001’ या चित्रपटातही आहे, तिथे अमेरिकनांचा तळ असतो. आता तिथेही जागांचे भाव चढून जुने रहिवासी उठलेत, असं गाणं जाता जाता सुचवतं. माणूस पृथ्वी सोडून गेला आणि सोबत काय घेऊन गेला, तर जमिनीचे दलाल आणि ताऱ्यांत मोजलेले अभिप्राय. शेवटी तीच ओळ घोळत राहते, पट्टी वर चढते आणि जाहिरात स्तोत्राच्या थाटात जाते. शेफील्डच्या क्लबबाहेर बूट न्याहाळणारी नजर इथे जशीच्या तशी आहे.

आपल्याकडे ख्याल विलंबितात सुरू होतो आणि द्रुतात शिरतो. ऐकणाऱ्यालाही त्या वाटेची सवय असते. टर्नरने द्रुताने सुरुवात करून बारा वर्षांनी विलंबित मांडलं, आणि श्रोते समेची वाट पाहत खोळंबले. संथ लयीत लपायला जागा नसते. पूर्वी एखादी ओळ फसली तर ड्रम तिला ओढून पुढे नेत. आता ती तिथेच उघडी पडते. ‘वन पॉइंट पर्स्पेक्टिव्ह’मध्ये तर गायक बोलता बोलता धागा सुटल्याचं सरळ सांगून टाकतो, आणि वाद्यंच पुढे होऊन ती रिकामी जागा सांभाळतात.

सगळंच जमलंय असं मी म्हणणार नाही. उत्तरार्धात दोनतीन गाणी एकाच खुर्चीत बसून राहतात. ‘गोल्डन ट्रंक्स’मधला, जगातल्या सगळ्यात बलाढ्य नेत्याला कुस्तीगीर करण्याचा विनोद 2018 मध्ये फारच हाताशी होता. ‘सायन्स फिक्शन’मध्ये टर्नर साधीच गोष्ट आडवळणाने सांगायची इच्छा व्यक्त करतो, आणि हे सगळं उगाच अतिहुशार होऊन बसेल अशी भीतीही. चाहत्यांचा आक्षेप त्याने असा आधीच गाण्यात बसवून ठेवलाय. ही चलाखी आहे, पण त्यामुळे आक्षेप खोडला जात नाही.

आणि हा अल्बम एकट्याचा? ही तक्रार मला अर्धीच पटते. पॅरिसजवळच्या ला फ्रेट स्टुडिओत, निर्माता जेम्स फोर्डच्या हाताखाली हे ध्वनिमुद्रण झालं तेव्हा बाहेरचे वादकही बरेच होते. जेमी कुकची गिटार खरोखर मागे गेलीय. पण निक ओमॅलीचा बेस एकदा नुसता तेवढाच लक्ष देऊन ऐकावा. शब्द भरकटतात तेव्हा गाण्याला जमीन तोच देतो. आणि हेल्डर्ससारख्या ड्रमरने हात इतके आवरते ठेवणं ही काही गैरहजेरी नव्हे.

शेवटच्या ‘द अल्ट्राचीझ’मध्ये सोंग जरा ढिलं होतं. चंद्र, हॉटेल, तारे सगळं बाजूला पडतं आणि भिंतीवरच्या मित्रांच्या फोटोंकडे बघणारा एक माणूस उरतो. जुन्या नाचघरांतल्या संथ प्रेमगीतांसारखी लय, आणि मग गिटार येते. खरंच कळवळल्यासारखी. चाळीस मिनिटं रोखून ठेवल्यामुळे तिचे मोजके स्वर जे करतात ते ‘एएम’मधल्या गिटारींच्या भिंतीला जमलं नव्हतं, असं माझं मत.

तट पडले तरी अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या आठवड्यात सुमारे 86,000 प्रती खपल्या, त्यांतल्या साडेचोवीस हजार एकट्या विनाइलवर. पंचवीस वर्षांत कुठलंही विनाइल इतक्या झपाट्याने गेलं नव्हतं. जुन्या चाहत्यांना वाटलं होतं, हौस फिटली की बँड परत येईल. 21 ऑक्टोबर 2022 ला ‘द कार’ आला तो आणखी मऊ, व्हायोलिनांच्या ताफ्यासह. त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ही आला, आणि या बँडचा अल्बम प्रथमच दुसऱ्या क्रमांकावर राहिला. ‘द कार’मधल्या ‘बॉडी पेंट’च्या शेवटी मात्र गिटारी पुन्हा दणकून उसळतात. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून ‘आले परत’ म्हणणारे आहेत. त्यांनी आधीची संथ तीनेक मिनिटंही ऐकावीत. तो दणका तिथेच तापत असतो.