'गॅबियन बंधारा' : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

मृदसंधारणाच्या शासकीय परिभाषेत 'गॅबियन बंधारा' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. पाणलोट क्षेत्र विकासाच्या आराखड्यांत आणि जलयुक्त शिवार अभियानाच्या कामांत त्याचा सर्रास वापर दिसतो. त्याजवर आक्षेप घेणारे बहुधा पूर्वपदाकडे बोट दाखवितात. ते परके, म्हणून त्याज्य. वस्तुतः दोष पूर्वपदात नसून उत्तरपदात आहे.

पूर्वपदाची कुळकथा मोठी बोधक आहे. मूळ इटालियन 'गाब्बिओने' म्हणजे मोठा पिंजरा. युरोपात वेढ्याच्या वेळी तोफांच्या आडोशासाठी विणलेल्या काटक्यांच्या टोपल्यांत माती भरून त्या रांगेने मांडीत, त्यांना हे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्याजवळ रेनो नदीवर तारेच्या जाळीत दगड भरून काम झाले आणि हा लष्करी शब्द स्थापत्यात स्थिरावला. पिंजऱ्याची कल्पना मात्र टिकली, आणि तेच या वस्तूचे मर्म होय. जस्त चढविलेल्या तारेची षट्‌कोनी जाळी दुहेरी पिळाने विणलेली असते. एखादी तार तुटली तरी वीण उसवत नाही. आत जाळीच्या छिद्राहून मोठे दगड हाताने रचावयाचे. सुटा दगड ओढ्याचा लोंढा सहज वाहून नेतो. पण तेच दगड कोंडले, की २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद व उंच अशी पेटी एकच वजन होऊन बसते. पाया थोडा खचला तर ती तडकत नाही, वाकते. शिवाय पाणी तिच्यातून पार जाते. घाटरस्त्याच्या कडेची सिमेंटची भिंत पावसाळ्यात ढासळते ती पुष्कळदा मागे कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने. दगडांच्या जाळीमागे हा दाब साचत नाही.

आता 'बंधारा' या पदाकडे वळावे. कोल्हापूरकराला त्याचा अर्थ विचारण्याची गरज नाही. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावाने या जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला एक रचना दिली : पावसाळ्यात बरगे काढून पूर जाऊ द्यावयाचा, पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवावयाचे. पंचगंगेचा पूरही येथे बंधाऱ्यावरच मोजला जातो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर गेले की धोका. बंधारा आणि पाणी यांचे साहचर्य इतके दृढ असता, ज्या रचनेने पाणी सोडून गाळ धरावयाचा तिला बंधारा म्हणणे म्हणजे ऐकणाराला चुकीची आशा लावणे होय. दिवाळीनंतर ती कोरडी दिसली की 'बंधारा वाया गेला' असा निर्वाळा मिळणार. मागे साठलेली माती कोणी मोजणार नाही. पाणी राहावे म्हणून जाळीवर सिमेंट थापण्याचा मोह पुढची पायरी. तो आवरला नाही तर वस्तूचा गुणच नाहीसा होतो.

अभियंता आराखड्यावरून काम करतो, नावावरून नव्हे, असे उत्तर यावर मिळेल. ते अर्धेच खरे आहे. कामाची मागणी ग्रामसभेत होते, आणि तेथे आराखडा नसतो, शब्द असतो.

मौज अशी की, हीच परिभाषा ओढ्याच्या वरच्या अंगाला मोकळे दगड रचून केलेल्या कामाला 'अनघड दगडी बांध' म्हणते. काम तेच, दगड तेच. केवळ जाळी आली की बांधाचा बंधारा होतो! उलट 'माती नाला बांध' पाणी अडवूनही बांधच राहतो. या नावांमागे काही तत्त्व असल्याचे दिसत नाही. शेताच्या उतारावर माती धरतो तो बांध, ओढ्यानदीवर पाणी धरतो तो बंधारा, हा शेतकऱ्याच्या बोलीतील स्थूल भेद परिभाषाकारांनी विचारात घेतलेला नाही.

मराठीत या कुळातील शब्दांची वाण नाही. चुन्यामातीवाचून रचलेल्या दगडांना कोकणात 'गडगा' म्हणतात. उतारावर माती अडविण्यासाठी घातलेल्या बांधाला देशावर 'ताल'. 'जाळीचा गडगा' म्हटले तर दगड, कोरडी रचना आणि पाणी झिरपण्याची मुभा एका दमात कळते. पाणी साठण्याची आशा लागत नाही. गडगा घाटाखाली जितका परिचित तितका घाटावर नाही, ही अडचण खरी आहे. तेथे 'जाळीचा बांध' चालावा. 'पाषाणपंजर' यासारखा संस्कृत शब्द घडविणे सोपे आहे, पण तो उच्चारणारा गवंडी मिळावयाचा नाही. 'गॅबियन' ठेवावयाचाच असेल तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. स्टेशन आणि पेन्सिल यांप्रमाणे तोही पचेल. रस्त्याच्या कामावर मुकादम 'गॅबियन वॉल' म्हणतो. त्यात मराठी शब्द एकही नाही, तरी वस्तू काय करते याविषयी तो कोणाची दिशाभूल करीत नाही.