संगत आणि संत : 'कन्फेशन्स'चे एक वाचन

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे आपल्याकडे म्हणतात. मुलगा बिघडू लागला की घरची माणसे प्रथम त्याच्या मित्रांकडे बोट दाखवतात. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी ३९७च्या सुमारास लिहावयास घेतलेला 'कन्फेशन्स' हा १३ भागांचा लॅटिन ग्रंथ पश्चात्तापाची कहाणी म्हणून ख्यातनाम आहे. आमच्या मते तो संगतीचाही ग्रंथ आहे, आणि संगतीविषयी तो जे सांगतो ते या म्हणीत पुरते मावत नाही.

दुसऱ्या भागात सोळा वर्षांचा ऑगस्टीन सवंगड्यांसह रात्री शेजारच्या झाडाची पेअर फळे चोरतो. भूक नसते, घरी याहून चांगली फळे असतात, चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे फेकली जातात. एवढ्याशा चोरीवर लेखकाने पानेच्या पाने खर्ची घालावीत, हे अनेकांना अतिरेकी वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. एकटा असता तर त्याने ही चोरी केलीच नसती, या जाणिवेपर्यंत पोहोचण्यासाठी तो विस्तार आवश्यक आहे. टोळक्यात मर्यादा पाळण्याचीच लाज वाटू लागते, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी टिपले असेल.

सहाव्या भागात मित्र अलिपियस येतो. रोममध्ये सोबती त्याला ग्लॅडिएटरांच्या जीवघेण्या झुंजी पाहावयास ओढून नेतात. तो डोळे मिटून बसतो. पण गर्दीची आरोळी कानी पडताच डोळे उघडतात आणि रक्तपाताची चटक लागते.

येथवर ग्रंथ म्हणीच्या बाजूने बोलतो. चौथ्या भागातील प्रसंग मात्र निराळा आहे. उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या जन्मगावी ऑगस्टीनला एक जिवलग मित्र होता. त्याला ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर करून मानी पंथाकडे ऑगस्टीननेच वळविले होते. हा मित्र तापाने बेशुद्ध असता त्याला स्नानसंस्कार देण्यात येतो. तो शुद्धीवर येताच ऑगस्टीन त्या संस्काराची थट्टा करतो. मित्र त्याला कठोर शब्दांत थांबवतो आणि थोड्याच दिवसांत मरण पावतो. माझी संगत कशी, या प्रश्नाच्या जागी येथे दुसरा प्रश्न उभा राहतो : मी कोणाची कशी संगत आहे? आमच्या दृष्टीने ग्रंथाचे मर्म येथे आहे. आपल्या मुलांचे मित्र पारखणाऱ्या आपणा पालकांनाही तो प्रश्न चुकत नाही.

चांगल्या संगतीचे चित्रणही तितकेच वास्तव आहे. मिलानचे बिशप अँब्रोझ यांना ऑगस्टीनसाठी फारसा वेळ नसतो. तो त्यांची प्रवचने केवळ वक्तृत्वासाठी ऐकू लागतो. शब्दांमागून आशयही मनात उतरतो. आई मोनिका प्रार्थना सोडत नाही आणि मुलाचा पिच्छाही सोडत नाही.

एका ठिकाणी मात्र ग्रंथ आम्हांस अस्वस्थ करतो. ऑगस्टीनची दीर्घकाळची सहचारिणी, त्याच्या अदेओदातुस या पुत्राची माता, हिचे नावसुद्धा लेखकाने दिलेले नाही. दुसरीकडे विवाह ठरल्याने तिला आफ्रिकेस परत पाठविले जाते. जाताना ती यापुढे अन्य पुरुषाशी संबंध न ठेवण्याचे वचन देवाला देते. तो मात्र लवकरच दुसरी स्त्री जवळ करतो. तिचे धैर्य आपल्याला झेपले नाही, हे लेखक प्रांजळपणे सांगतात, पण तिच्याविषयी अधिक बोलत नाहीत. जिला अडसर समजून दूर केले, तीच त्या घडीला देवाच्या अधिक जवळ होती. आध्यात्मिक उन्नतीसाठी नाती 'निवडताना' आपणही कोणाला असेच वजा करत नाही ना, हे तपासणे आवश्यक आहे.

३८६ साली मिलानच्या बागेत ऑगस्टीनचे परिवर्तन घडते, तेव्हा अलिपियस जवळच असतो. पौलाच्या रोमकरांस पत्रातील ज्या ओळीने ऑगस्टीनला प्रकाश दिला, तिच्या पुढची ओळ अलिपियस वाचतो आणि स्वतःला लावून घेतो. विश्वासात दुर्बळ असलेल्याचा स्वीकार करावा, असा तिचा आशय आहे. पुढल्या वर्षी पास्काच्या सणाला दोघांनी, अदेओदातुससह, अँब्रोझ यांच्या हस्ते स्नानसंस्कार घेतला. एकेकाळी गर्दीपुढे हरलेला अलिपियस पुढे थागास्तेचा बिशप झाला.