द्रौपदीचं प्रकरण कुठे आहे?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लकब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

आयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'वाचक कसा घडतो'. या विषयावर आपल्याकडे बोलायची एक ठरलेली रीत आहे. आधी वाचनसंस्कृती लोप पावतेय म्हणून हळहळायचं, मग मोबाइलला दोन शब्द सुनवायचे आणि शेवटी पुस्तकांची यादी द्यायची. यादी मी आणलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

या यादीमागे एक शिडीची कल्पना असते. लहानपणी 'चांदोबा', मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, मग बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, पुढे खांडेकर, त्याच्या पुढे नेमाडे, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर परदेशी कादंबऱ्या. जो जितका वर, तो तितका मोठा वाचक. ही शिडी मी स्वतः चढलोय. आमच्या गावात एक खासगी लायब्ररी होती, महिन्याची वर्गणी आणि थोडं डिपॉझिट. एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, त्यामुळे मी रोज बदलायला जायचो. लायब्ररीवाले काका म्हणायचे, "वाचतोस का नुसता हुंगतोस रे?" त्या प्रश्नात बरंच तथ्य होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

सोळाव्या वर्षी हातात 'मृत्युंजय' आलं. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ती त्याच वयात वाचली असणार, हात वर करायला लावत नाही. मी ती तीन दिवसांत संपवली. रडलो. कर्णावर झालेला अन्याय माझ्यावरच झालाय असं वाटायला लागलं. मग ते पुस्तक मी आईला दिलं. आई चौथी शिकलेली. दुपारी धुणंभांडी आवरली की भिंतीला टेकून, ओठ हलवत वाचायची. तिला महिना लागला. लायब्ररीत दंड भरावा लागला, म्हणून मी चिडलोही होतो.

पुस्तक परत देताना ती म्हणाली, "अरे, यात कुंतीला बोलू दिलंय, वृषालीला बोलू दिलंय, त्या शोणालासुद्धा बोलू दिलंय. मग द्रौपदीचं प्रकरण कुठंय? भर सभेत विटंबना झाली तिची, आणि तिलाच कुणी विचारत नाही?"

मी हसलो. म्हणालो, "आई, हे कर्णाचं पुस्तक आहे." ती बरं म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

आता बघा, कादंबरीची रचना काय आहे? सहा पात्रं प्रथमपुरुषी बोलतात : कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण. 'मी' म्हणून बोलणाऱ्या माणसाच्या बाजूने आपण आपोआप उभे राहतो. ही त्या तंत्राची ताकद आहे आणि सावंतांनी ती पुरेपूर वापरलीय. म्हणजे कोणाला 'मी' म्हणू द्यायचं, या निवडीतच आपली सहानुभूती कुठे जाणार ते बरंचसं ठरून जातं. आईला 'प्रथमपुरुषी निवेदन' हा शब्द माहीत नव्हता, पण रचनेतली रिकामी जागा तिला दिसली. मला, शिडीवर तिच्यापेक्षा बऱ्याच पायऱ्या वर असलेल्याला, ती दिसली नाही. हे मला समजायला वीस वर्षं लागली. आणि समजलं ते भलत्याच पुस्तकामुळे.

ते पुस्तक म्हणजे ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२ सालचं. ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत होते, सत्यशोधक समाजाचे होते. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. पुस्तक लिहायला निमित्त झालं सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याचं. या विधवा तरुणीला स्वतःच्या नवजात मुलाला मारल्याबद्दल १८८१मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात सौम्य झाली. वर्तमानपत्रांतून मात्र समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं चालू होतं. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी हे लिहिलं.

हे पुस्तक आपण स्त्रीवादाच्या इतिहासात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण मला ते वाचताना वाटत राहिलं, की हे एका वाचणाऱ्या बाईचं पुस्तक आहे. ती वर्तमानपत्र वाचते, पुराणं वाचते. हळब्यांची 'मुक्तामाला' ही १८६१ची कादंबरी, 'मनोरमा' नाटक अशी त्या काळची नावं घेऊन ती विचारते, की यात बायका दाखवल्यात त्या कुठल्या? अशा बायका तुम्ही पाहिल्यात का? मराठी कादंबरी तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांची होती. तिची समीक्षा अजून रांगत होती. आणि बुलढाण्यात बसून ही बाई तिला जाब विचारतेय.

तिची वाचायची पद्धत तिने मुखपृष्ठावरच सांगितलीय : तुलना. गोष्ट घ्यायची आणि पात्रांच्या जागा बदलून बघायच्या. सावित्री नवऱ्याचे प्राण परत आणायला यमाच्या मागे गेली, ही कथा तिच्या आधी हजारो बायकांनी ऐकली, वडाला सूत गुंडाळलं. ताराबाई विचारतात, की बायकोसाठी कुणी नवरा असा गेल्याचं कुठे ऐकलंय का? संपलं. कथेत एक अक्षरही बदललेलं नाही, पण ती आता पूर्वीसारखी ऐकता येत नाही. इथे मला आई आठवली. तिनेही हेच केलं होतं. सगळ्यांना बोलू दिलंत, मग हिला का नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे, की वाचन वाढतं ते या ठिकाणी. पुस्तक आपल्याकडून काहीतरी मान्य करून घेत असतं. ते काय, कसं, आणि कोणाच्या बदल्यात, हे ज्या दिवशी आपल्याला दिसतं त्या दिवशी काहीतरी बदलतं. ते 'चांदोबा' वाचतानाही दिसू शकतं आणि जाडजूड परदेशी कादंबऱ्यांचा ढीग संपवूनही दिसत नाही.

पण याची एक दुसरी बाजू आहे आणि त्याबद्दल मला जरा काळजी वाटते. हल्ली तरुण मुलं भेटतात, हुशार असतात, ती सांगतात, "'मृत्युंजय' ना? कर्णाचं उदात्तीकरण." विचारलं, वाचलंस का? "नाही सर, पण ठाऊक आहे." हे मला मंजूर नाही. ताराबाईंना ती पुस्तकं आतून माहीत होती, ती त्यांच्यात गुंतून मग उठलेली बाई आहे. कधीकधी ती अन्यायही करते, एका माराने सगळे पुरुष झोडपते. असू दे. पण न वाचता निकाल देत नाही. आईनेही महिनाभर ओठ हलवत वाचलं होतं आणि कर्णासाठी तीही रडली होती, हे मी मघाशी सांगायचं राहिलंच.

'मृत्युंजय'च्याच वर्षी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आलं, हा एक सुंदर योगायोग. त्यातही कर्ण आहे, पण बाईंनी त्याला महाभारताच्या संहितेवर तपासून घेतलाय. संहितेतला कर्ण गंधर्वांशी झालेल्या लढाईत पळ काढतो, आणि सभेत द्रौपदीबद्दल जे बोलतो ते आज इथे उच्चारवत नाही. मी ते विशीत वाचलं आणि बाईंवर रागावलो. माझा कर्ण यांनी हिरावून घेतला, असं वाटलं. आज दोन्ही पुस्तकं माझ्या एकाच फळीवर आहेत आणि दोन्ही मी पुन्हा वाचतो. सोळाव्या वर्षाचं ते रडू मात्र परत येत नाही. ते गेलं. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

ताराबाईंचं काय झालं? पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. आणि हे पुस्तकही विस्मरणात गेलं, ते १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणेपर्यंत. नव्वदहून जास्त वर्षं. जिने वाचायचं कसं ते दाखवलं तिलाच वाचक मिळाला नाही.

ते वाचून झाल्यावर मी गावी गेलो होतो. आईला म्हटलं, तुझं बरोबर होतं, द्रौपदीचं प्रकरण असायला हवं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "असं म्हटलं होतं मी? कधी?" तिला काहीच आठवत नव्हतं. मग म्हणाली, "ते पुस्तक आहे का अजून? आण की एकदा. आता दंड नाही ना पडणार?"

बरं, वेळ झालीय. प्रश्न असतील तर घेऊ.