राक्षसभुवनची लढाई आणि युद्धांतील माणुसकीचा पुरावा

गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन हें गांव आहे. शनीचें क्षेत्र म्हणून त्याची ख्याति मोठी. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तें आठवतें तें १० ऑगस्ट १७६३ (शके १६८५, श्रावणारंभ) रोजीं झालेल्या लढाईमुळें. निजामअल्ली नदी उतरून पलीकडे गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पिछाडीच्या फौजेसह अलीकडे. अशा स्थितींत झुंज झाली. राघोबादादांच्या हत्तीस वेढा पडला, अठरा वर्षांच्या माधवरावानें ऐन वेळीं चाल करून चुलत्यास सोडविलें, विठ्ठल सुंदर पडला, आणि पुढें औरंगाबादच्या तहानें ८२ लक्षांचा मुलूख पेशव्यांकडे आला. ही हकीकत इतक्या वेळां लिहिली गेली आहे कीं तिचा विस्तार करण्याचें प्रयोजन नाहीं. प्रस्तुत लेखाचा प्रश्न एवढाच कीं, ज्या शेतांतून या फौजा गेल्या त्या शेतांच्या धन्याचें काय झालें, त्याची कोणीं कींव केली काय, आणि केली असल्यास तें आम्हांस कोणत्या साधनांवरून कळावें?

त्या वर्षींच्या मोहिमेंत निर्दोष असा पक्ष कोणताच नव्हता. निजामाच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. सिंहगडाच्या पायथ्याचें गांव पेटविलें, व त्यांत मराठ्यांच्या इतिहासाचे पुष्कळ कागद नष्ट झाले, असें ग्रँट डफनें १८२६ सालीं लिहून ठेविलें आहे. संग्राहकांस ही हानि विशेष झोंबते, व तें योग्यच आहे. परंतु त्याच सुमारास पेशव्यांच्या फौजा निजामाच्या मुलुखांत हैदराबादच्या आसपासपर्यंत खंडणी व लूट करीत फिरत होत्या, हें आमचे लेखक तितक्याच कळकळीनें सांगत नाहींत. त्यांतही जानोजी भोसले, गोपाळराव पटवर्धन प्रभृति सरदार कांहीं काळ निजामाच्या पक्षास मिळालेले. विठ्ठल सुंदर तर स्वतःच मराठी ब्राह्मण. तेव्हां आपले आणि परके अशी रेघ ओढून दयेचा व क्रौर्याचा जमाखर्च मांडूं पाहणारास या मोहिमेंत ती रेघ सरळ ओढतांच येणार नाहीं.

साधनांचा विचार बखरींपासून करूं. बखरकाराचें लक्ष पराक्रम, दैव व फजिती यांकडे असतें. त्याची करुणा बहुधा पडलेल्या थोरांसाठीं राखून ठेविलेली असते, बुणग्यांच्या वांट्यास ती क्वचित् येते. राक्षसभुवनाआधीं अडीच वर्षांवर झालेल्या पानिपतच्या संहाराचे वृत्तान्त विपुल असल्यामुळें या परीक्षेस ते सोयीचे आहेत. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराजानें १७८० सालीं फारशींत आपली हकीकत लिहिली. शुजानें विश्वासरावाचें शव मागून घेऊन त्याची उत्तरक्रिया करविली व शरणागतांस वांचविलें, असें तो सांगतो. तो स्वतः तेथें हजर होता, म्हणून त्याचें मोल मोठें; तथापि धन्याचा गौरव सेवकाच्या लेखणीनें झालेला आहे, हेंही विसरूं नये. उलट, भाऊसाहेबांशीं न पटल्यामुळें आधींच बाजूस झालेल्या सुरजमल जाटानें पळून आलेल्या मराठ्यांस अन्नवस्त्र दिलें, याची कृतज्ञ नोंद मराठ्यांकडूनच झाली आहे. दया करणाराच्या बाजूनें आलेल्या पुराव्यापेक्षां दया घेणाराच्या बाजूनें आलेला पुरावा अधिक बळकट, हा नियम येथें हातीं लागतो.

दुसरें साधन आज्ञापत्रांचें. शिवछत्रपतींचें चिपळूण भागांतील छावणीच्या जुमलेदार-हवालदारांस गेलेलें १६७३-७४ मधील पत्र सर्वांस परिचित आहे. दाणा, वैरण, भाजीपाला रयतेकडून जबरीनें घेऊं नका, तसें केल्यास मोगलांपेक्षां तुम्हीच वाईट असें लोकांस वाटेल, असा त्याचा आशय. गवताच्या गंजींस आग लागूं नये म्हणून दिव्याची जळती वात उंदीर नेईल इतक्या बारकाव्यापर्यंत त्यांत ताकीद आहे. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं झाडें आरमारासाठीं बळानें तोडूं नयेत असें बजाविलें आहे. अशा पत्रांचा आम्ही अभिमान धरतों. पण परीक्षकानें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. जी आज्ञा करावी लागली तिच्या पाठीमागें तसा उपद्रव होत असे. आज्ञा ही राजाच्या मनाची साक्ष आहे. शिपायाच्या वर्तनाची साक्ष तेवढ्यानें होत नाहीं.

तिसरें साधन दिसण्यांत सर्वांत नीरस, म्हणजे हिशेबाचे कागद. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशांत फौजेच्या पायमल्लीमुळें दिलेली सूट, उजाड गांवाच्या लावणीसाठीं दिलेला कौल, अशा नोंदी येतात. त्यांत एकही रसाळ वाक्य नाहीं. परंतु येथें सरकारनें आपल्या हक्काचा पैसा खरोखर सोडलेला असतो, व म्हणून माणुसकीचा पुरावा या दृष्टीनें अशी एक ओळ बखरीच्या पानभर विलापाहून वजनदार आहे.

यावर आक्षेप येईल कीं, सूट ही दया नव्हे. रयत पळाली तर पुढील वर्षीं वसूल कोठून यावा, या धोरणानें ती दिलेली असते. आक्षेप खरा आहे. चिपळूणच्या पत्रांतही कळवळा आणि राज्याचें हित हीं एकाच वाक्यांत नांदतात. परंतु त्यामुळें त्या कळवळ्याची किंमत कमी होते असें आम्हांस वाटत नाहीं. सरदाराच्या मनांत एकदां उपजलेली कींव त्याच्याबरोबर जाते. तीच दप्तराच्या वहिवाटींत शिरली म्हणजे तापट सरदार व लोभी कारकून यांच्या हातूनही कांहीं अंशीं अमलांत येते. युद्धकाळीं माणुसकी टिकते ती अशा वहिवाटींच्या आधारानें. वहिवाट मोडली म्हणजे काय होतें, हें १७६३ च्या पुण्यानें व हैदराबादेकडील गांवांनीं सारखेंच पाहिलें.

आतां गेवराईकडे वळूं. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. मराठे चौथाईचे धनी झाल्यावर निजामाच्या मुलुखांत ठिकठिकाणीं दुअमली चाले, व एकाच पाटलास दोन सरकारांस जाब द्यावा लागे. अशा गांवांचे सर्व कागद पुण्याच्या दप्तरांत मिळण्याचा संभव नाहीं. ते गोदातीरच्या देशपांडे, कुलकर्णी, पाटील यांच्या घरच्या मोडी रुमालांत शोधले पाहिजेत. पण आमच्या संग्राहकांची रीत अशी कीं, मोठ्या नांवाचें, शिक्क्याचें पत्र निवडून घ्यावें आणि कौलनामे, गांवझाडे, सुटीच्या यादी किरकोळ म्हणून मागें ठेवाव्यात. त्या मागें राहिलेल्या कागदांस पुढें वाळवी व रद्दीवाला यांखेरीज वाली नसतो. रुमाल फोडूं नये, त्याचा क्रम मोडूं नये, कोणत्या गांवीं व कोणत्या घरीं तो मिळाला हें त्यावर लिहावें, आणि १७६३ च्या पुढील दोन-तीन सालांच्या जमाबंदीचे कागद आधीं वाचावेत. राक्षसभुवनीं कोणाचें शिर पडलें हें आपणांस ठाऊक आहे. त्या श्रावणांत कोणाचें पीक तुडविलें गेलें व कोणाचा सारा माफ झाला, हें सांगणारा कागद ज्याच्या हातीं लागेल त्यानें तो प्रसिद्ध करावा.