स्वरलेखनातील चिन्हे आणि संगणक

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून रूढ केलेली स्वरलेखनपद्धती मोजक्या चिन्हांवर उभी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली टिंब व तार सप्तकासाठी अक्षरावर टिंब, एवढाच तिचा मुख्य संभार. शुद्ध स्वर व मध्य सप्तक यांना चिन्हच नाही. चिन्हाचा अभाव हाच तेथे अर्थवाहक आहे. या काटकसरीत पद्धतीचे सामर्थ्य आहे. तथापि ती संगणकावर उतरविताना उद्भवणाऱ्या अनर्थाचे मूळही तेथेच आहे.

कोमल स्वराची रेघ पुष्कळदा मजकूर अधोरेखित करण्याच्या सोयीने दिली जाते. असे अधोरेखन हा अक्षराचा अवयव नसून केवळ वेश होय. तोच मजकूर साध्या संदेशात उतरविला की रेघ गळून पडते. भैरवाचे कोमल रिषभ-धैवत मग शुद्ध होतात आणि बिलावलाचे स्वर उरतात. भैरवीचे चारही कोमल स्वर गेले तरी परिणाम तोच. तीव्र मध्यमाची रेघ वेगळ्या आकृतीच्या रूपाने ठेवली असेल, तर कल्याण थाटाचीही हीच गत होते. चिन्हे गळालेले पान अशुद्ध दिसत नाही, ते दुसऱ्या थाटाचे निर्दोष पान दिसते. बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडसारख्या गावी, जवळ गुरू नसताना अशा पानावरून पेटी शिकू पाहणाऱ्याला चूक उमगावी तरी कशी?

दुसरा मार्ग युनिकोडमधील देवनागरी चिन्हे उसनी घेण्याचा. कोमलासाठी ‘अनुदात्त’, तीव्रासाठी ‘उदात्त’, तार सप्तकासाठी अनुस्वार व मंद्रासाठी नुक्ता, अशी ही योजना. यात चिन्ह गळत नाही हे खरे. परंतु वर्णच पालटतो. ‘सां’ यातील अनुस्वार यंत्राच्या लेखी नासिक्य ध्वनीच असतो. ‘र’ला नुक्ता जोडला की ‘ऱ’ होतो, म्हणजे ‘तऱ्हा’ या शब्दात येणारा वर्ण. मंद्र गंधार हा उर्दू शब्दांतील ‘ग़’ ठरतो. डोळ्याला स्वरलिपी दिसते, यंत्र मात्र भलतीच अक्षरे वाचते. परिणामी मंद्र रिषभ शोधू जाता तऱ्हा सापडण्याचा प्रसंग येतो.

पाश्चात्त्य स्वरलेखनाची चिन्हे युनिकोडमध्ये २००१ साली स्वतंत्र विभागाने समाविष्ट झाली. परंतु तेथेही संकेतांकापेक्षा जोडणीस महत्त्व आहे. म्यूझस्कोर या प्रणालीत स्वराला त्याच्या चढ-उताराचे चिन्ह रीतसर जोडले, तर वादनात स्वर बदलतो. सर्वसाधारण चिन्हसंग्रहातून उचलून शेजारी ठेवलेले तसेच चिन्ह नुसते दिसते, वाजत नाही. देवनागरी स्वरलेखनालाही हीच कसोटी लावावयास हवी.

या कसोटीची निकड पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीशी तुलना करता अधिक स्पष्ट होते. अक्षरावरील टिंब भातखंडे पद्धतीत तार सप्तक दर्शविते, पलुस्कर पद्धतीत मंद्र. उभी रेघ एकीत तीव्र मध्यमाची, दुसरीत तार सप्तकाची. सारांश, आकृतीला स्वतःचा अर्थ नाही. तो पद्धतीतील स्थानामुळे येतो. म्हणून संगणकात आकृती साठविणे व्यर्थ होय. स्वराचे नाव, त्याची शुद्ध-विकृत अवस्था आणि सप्तक या तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. त्यांवरून हव्या त्या पद्धतीचे पान सिद्ध करता येईल.

गाणे गुरुमुखातूनच यावयाचे, लेखन केवळ स्मरणास साहाय्य, असा आक्षेप यावर संभवतो. तो मान्य केला तरी लेखनाची जबाबदारी हलकी होत नाही. ज्याने स्मरणास आधार द्यावयाचा, त्यानेच एक राग पुसून दुसरा पुढे करावा, हे साहाय्य नव्हे.